दिवेलागणीचा घास

उन्हं कलली तशी विजयमालाबाईंनी पातेल्याच्या काठावर पळी आपटली. जेवण तयार असल्याची ती खूण होती. अंगणातली सगळी मंडळी हातातली कामं टाकून ताटांकडे धावली आणि कॅमेऱ्यापाशी एकटी संयोगिता उरली. पलीकडे उसाच्या तुऱ्यांवर पिवळाधमक उजेड आला होता. दिवसभर जो उजेड हवा म्हणून ती जीव टाकत होती, तो नेमका जेवणाच्या वेळेला हजर.

"काकू, रोज ह्याच टायमाला वो? उजेड आला की आमटी-भात!"

"ह्या घरात दिवस मावळल्यावर जेवण नसतं, पोरी. कोणालाच नाही," विजयमालाबाई म्हणाल्या. "उजेड काय, उद्या परत येईल."

"उद्या न्हाई की काकू. आज शेवटचा दिवस हाय."

विजयमालाबाईंना ते ठाऊक होतंच. पृथ्वीराज, म्हणजे चित्रपटातला मुलगा, नाटकाच्या दौऱ्यासाठी पहाटेच निघणार होता आणि पुढचे कित्येक महिने तो हाताला लागणार नव्हता. त्याच्याबरोबरचा एकच प्रसंग राहिला होता. बाकी सगळं त्यांनी रेटून नेलं होतं. पाट्यांवर ‘निर्माती’ म्हणून आपलं नाव जाणार हे दिग्दर्शक लेकीने, प्राचीने, सांगितलं तेव्हा त्या खो खो हसल्या होत्या. पण पंचकल्याणक ह्या जैनांच्या मोठ्या पूजेला हजारो माणसं जेवू घातलेल्या बाईला एवढंसं युनिट म्हणजे किस झाड की पत्ती. गाद्या नांदणीहून आल्या, जनरेटर मांडववाल्याकडून आला, आणि कांदा-लसणावाचून जीव कासावीस झालेल्या पोरांना ‘चार दिवस पोटाला आराम’ म्हणून त्यांनी गप्प बसवलं. पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेल्या लेकीशी महिनाभर न बोललेले बाहुबली, त्यांचे यजमान, तेही आता खांद्यावर लाल टॉवेल टाकून रस्त्यावर उभे होते. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जात, त्या शॉटच्या वेळी थांबवायच्या, एवढं एकच काम त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी फार मनावर घेतलं होतं.

चित्रपट उचगावच्या ह्याच घरात होत होता आणि त्यातली आई होती अक्काताई, बाहुबलींची थोरली बहीण. नवरा अकाली गेल्यावर लहानग्या ऋषभला घेऊन ती माहेरी आली आणि इथलीच झाली. गोष्ट साधी होती. घर सोडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी एका दिवेलागणीला परत येतो, आणि दिवस मावळल्यावर कधी पाण्याचा थेंबही न घेतलेली त्याची आई त्या दिवशी त्याच्याबरोबर जेवायला बसते. त्या एका घासासाठी प्राचीने सगळा चित्रपट रचला होता. दिवस बुडाल्यावर आणि अंधार पडायच्या आत जो निळसर उजेड असतो, त्यातच तिला तो घास हवा होता. खोटा उजेड नको, पडदे नकोत.

"आत्तीशी बोललीस ना?" प्राचीने आईला पहिल्या दिवशीच विचारलं होतं.

"बोलले. तू तुझं बघ."

खरं तर त्या बोलल्या होत्या ते वेगळंच. "वन्सं, तो जेवणाचा भाग सकाळी करतील. पडदे लावून रात्र दाखवतात हल्ली," असं. दोघींनाही बरं वाटेल असं सांगायचं आणि आयत्या वेळी काहीतरी जमवायचं, ही विजयमालाबाईंची कामाची पद्धत होती. पंचकल्याणकात मिरवणुकीचा हत्ती आला नव्हता तेव्हा त्यांनी आयत्या वेळी रथ उभा केला होता. तेव्हापासून आपल्याला काहीही जमवता येतं असा त्यांचा समज झाला होता.

मागचं स्वयंपाकघर संयोगिताने आहे तसंच ठेवलं होतं. आढ्याला टांगलेली भाकरीची दुरडी तेवढी पुसून घेतली होती. ती बघितली की विजयमालाबाईंना दरवेळी हसू यायचं. प्राचीच्या वेळी पोटुशी असताना त्यांना रात्री भुकेने झोप येत नसे. मिरजेच्या त्यांच्या माहेरी वेळेचं एवढं कडक नव्हतं. इथे मात्र सासूबाईंचा, अव्वांचा, कारभार. अव्वा भाकऱ्या माणसं मोजून करायला लावत. तरी त्या दिवसांत दुरडीत फडक्याखाली रोज एक भाकरी उरलेली असायची. सगळे निजल्यावर विजयमालाबाई ती मिठाबरोबर अंधारातच खाऊन टाकायच्या. एवढ्या काटेकोर सासूचा हिशोब रोज एका भाकरीने चुकतो, ह्याचं त्यांना तेव्हा नवल वाटे. पुढे कोल्हापुरात राहायला गेल्यावर त्यांनी ही गंमत नवऱ्याला सांगितली आणि दोघंही पोट धरून हसले.

*

अक्काताईने आपलं जेवण उरकलं, पाणी प्यायली, चूळ भरली आणि ताट घासून ओट्यावर पालथं घातलं. शूटिंगसाठी म्हणून भाकऱ्या मघाच थापून, भाजीसकट झाकून ठेवल्या होत्या. मग ती पाटावर बसून राहिली. चित्रपटात काम करायला तिला आवडत होतं, ते कोणाला कळू नये म्हणून ती सारखी वैतागल्याचं दाखवत असे.

प्राची आली ती दोन ताटं घेऊनच. एक पृथ्वीराजसमोर ठेवलं, दुसरं आत्तीसमोर.

"हे कशाला गं?"

"शॉटसाठी. दिवस बुडाला की लगेच घेऊ. तू फक्त पहिला घास घे, आत्ती. बाकीचं नाही खाल्लंस तरी चालेल."

अक्काताईने ताटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. "माला म्हणालती सकाळी करणार म्हणून."

"सकाळी? आई म्हणाली, तुला सगळं सांगितलंय. तू तयार आहेस."

दारात विजयमालाबाई पळी हातात घेऊन उभ्या होत्या. दोघींनीही एकदमच त्यांच्याकडे वळून पाहिलं. काहीतरी जमवायची आयती वेळ आली होती आणि नेमकं आताच काही सुचत नव्हतं.

"वन्सं, म्हटलं बघू..." एवढंच त्या बोलल्या.

"आई, तू दोघींना दोन सांगितलंस?"

"मग काय करू? तुला नाही म्हणवत नव्हतं. आणि त्यांना विचारायचा धीर होत नव्हता."

"आत्ती, खाऊ नकोस तू," प्राची घाईने म्हणाली. "नुसता तोंडापर्यंत ने. पुढचं आम्ही कापू."

"घास मोडला, तोंडाकडं नेला, मग खाल्ला काय आन न खाल्ला काय," अक्काताई म्हणाली. "मुनी महाराजांच्या म्होरं नेम घेतलाय मी. तुझ्या मिशिनीम्होरं न्हाई."

ती रागावून बोलत नव्हती, आणि प्राचीला तेच जास्त लागलं.

*

ऋषभची मोटरसायकल अंगणात थांबली तेव्हा युनिटमधली पोरं ताटं धुवायच्या निमित्ताने हौदापाशी जमून कुजबुजत होती. त्याला सगळं तिथेच कळलं. तो यंदाच बस्तीच्या, म्हणजे गावातल्या जैन मंदिराच्या, कमिटीवर निवडून आला होता. आई चित्रपटात काम करते म्हणून गावाने त्याला आधीच पुरेसं छळलं होतं. ते त्याने हसण्यावारी नेलं, कारण आई हल्ली सकाळी केस विंचरताना गुणगुणायची आणि तसं त्याने तिला लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. पण हे वेगळं होतं.

"मामी, खरं हाय व्हय हे? आईला दिवस मावळल्यावर जेवायला लावणार?"

"लावणार कोण? कोणी लावत नाही, ऋषभ."

"पडद्यावर सगळ्या गावानं बघिटलं की झालंच की! उद्या बस्तीत मला इचारतील. काय सांगू? कॅमेऱ्यासाठी नेम मोडला म्हणू?"

"तू गप रं," अक्काताई म्हणाली. "नेम माझा हाय. मोडायचा का न्हाई ते मी बघतो." मग ती भावजयीकडे वळली. "माला, मला इचारलं असतंस तर न्हाई म्हटलं असतं, आन राग धरला नसता. इतकी वर्सं भांडलो आपण. भांड्यावरनं, पोरांवरनं, अव्वाच्या दुखण्यावरनं. पर तू माझ्यासंगं खोटं कधी बोलली न्हाईस. आज पयल्यांदा बोललीस."

विजयमालाबाईंना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. अक्काताईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ‘झालं का जेवण?’ ‘झालं की वन्सं, केव्हाच.’ तेव्हा कुकरची पहिली शिट्टीसुद्धा झालेली नसायची. कोल्हापूरच्या घरात जेवण आठला, टीव्हीसमोर. आज पहिल्यांदा खोटं बोललीस, असं म्हणणाऱ्या बाईसमोर त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

प्राची परसात निघून गेली आणि पालथ्या घमेल्यावर बसली. दिवस आता उसाच्या शेंड्यांना टेकला होता. दार उघडलं, मुलगा आत आला, आईने त्याला वाढलं, एवढ्यावरही चित्रपट संपवता आला असता. कोणाला कळलंही नसतं की काही राहिलंय. पण मग ती एका पाहुण्याच्या जेवणाची गोष्ट झाली असती, आणि तेवढ्यासाठी नोकरी सोडायची गरज नव्हती. पप्पांचा तो महिनाभराचा अबोला तिला आठवला. त्यांचंच खरं होतं असं आता म्हणावं लागणार, ह्या विचाराने तिला रडू आलं.

ऋषभ मागोमाग आला होता. लहानपणी हिला सायकलच्या दांडीवर बसवून त्याने सगळं उचगाव फिरवलं होतं. हिचं नाक लाल झालं की आता रडणार, हे त्याला तेव्हापासून माहीत होतं.

"राहू दे शॉट," ती म्हणाली. "आत्तीला त्रास नको."

ऋषभने जरा वेळ खिशातल्या किल्ल्या वाजवल्या. "पाठमोरं दिसलं तर न्हाई का चालत? म्हंजे आईच्या जागी दुसरं कोणतरी?"

प्राचीने मान वर केली. संयोगिता खिडकीतून ऐकतच होती. "चालंल की! चेहरा पुढच्या शॉटात हायच आत्तीचा. मागनं घेतो. हात, पाठ, घास. फक्त अंगकाठी तशीच पायजे. आन बसणार कोण? लवकर बोला, दिवस बुडाला."

दोघं आत आली. स्वयंपाकघरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा एकाच बाईवर येऊन थांबल्या.

"मामी कशा बसतील?" ऋषभ म्हणाला. "त्या बी रातचं जेवत न्हाईत की."

आता गप्प राहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. शॉट बुडाला असता, पण मान राहिला असता. विजयमालाबाईंनी पळी ओट्यावर ठेवली.

"जेवते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जेवते मी. रोज. कोल्हापुरात आम्ही आठला जेवतो. वन्सं, तुमचा फोन येतो तेव्हा स्वयंपाकसुद्धा झालेला नसतो. आज पहिल्यांदा नाही खोटं बोलले. रोज बोलते."

बाहुबली नेमके तेव्हाच, ट्रॉली थांबवायची का विचारायला, दारात येऊन ठेपले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि आल्या पावली रस्त्याकडे निघाले.

अक्काताई पाटावरून उठली. "हिकडं ये," ती भावजयीला म्हणाली आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेली.

*

आत तिने अंगावरचं इरकल फेडून विजयमालाबाईंच्या हातात दिलं आणि स्वतः साधं पातळ नेसली. विजयमालाबाई घाईघाईने इरकल नेसल्या. मग त्यांचं आपल्या मनगटांकडे लक्ष गेलं. अक्काताईचे हात नवरा गेल्यापासून मोकळे होते. पाठमोरी का होईना, तीच बाई दिसायला हवी. त्या हिरव्या बांगड्या उतरवायला लागल्या.

"काढू नगंस."

"वन्सं, दिसतील. आणि आवाज होईल."

"काढू नगंस म्हटलं न्हवं? बाहुबली जिता हाय अजून." अक्काताईने तिचा हात ओढून घेतला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधल्या. वर पदर ओढून दिला. मग दुसरा हात. विजयमालाबाईंना वाटलं, एक शिवी तरी दिली असती तर बरं झालं असतं.

बाहेर उजेड निळा झाला होता. विजयमालाबाई पाटावर बसल्या, खिडकीकडे पाठ करून. समोर पृथ्वीराज. अक्काताई जायला सांगूनही गेली नाही. कॅमेऱ्यात येणार नाही अशी कोपऱ्यात, दुरडीखाली, उभी राहिली.

रस्त्यावर बाहुबलींनी टॉवेल हलवून ट्रॅक्टर अडवला. मागे दोन ट्रॉल्या ऊस आणि वर ठणठणणारं गाणं.

"काय झालं पावणं?" ड्रायव्हर ओरडला.

"बंद कर ते गाणं. आत जेवण चाललंय."

"जेवणाला काय गाणं चालत न्हाई व्हय?"

"ह्या जेवणाला न्हाई." बाहुबलींनी हात जोडले. एरवी ते कोणापुढे हात जोडत नसत. "बायको जेवतीया माझी. गप ऱ्हा जरा."

ड्रायव्हरला काही उमगलं नाही, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने गाणं बंद केलं आणि इंजिनही बंद केलं.

आत प्राचीने हात खाली केला. पृथ्वीराज जेवू लागला. ठरल्याप्रमाणे आईने जरा वेळ त्याच्याकडे बघायचं आणि मग हळूच घास मोडायचा. विजयमालाबाईंनी भाकरी मोडली, भाजीला लावली आणि तोंडात घातली. सकाळपासून धावपळीत त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. पहिला घास त्यांनी अभिनय म्हणून खाल्ला. दुसरा भुकेने. तिसऱ्या घासाला त्या कॅमेरा विसरल्या, पुढे वाकल्या आणि भराभर जेवू लागल्या, कोणी बघायच्या आत संपवायचं असल्यासारख्या. पृथ्वीराजचा हात थांबला. त्याने न ठरवता चटणी त्यांच्या ताटाकडे सरकवली. ‘कट’ म्हणायचं असतं हे प्राचीला सुचलंच नाही. तिच्या आईला असं जेवताना तिने कधीच पाहिलं नव्हतं.

शेवटी संयोगिताच म्हणाली, "उजेड गेला." ती कॅमेऱ्यात बघत होती. "पर मिळालं. सगळं मिळालं."

प्राची भिंतीला टेकली आणि आता खरोखरच रडली. ऋषभने तिच्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि दिवा लावायला गेला.

दिवा लागला तेव्हा विजयमालाबाई रिकाम्या ताटासमोर बसल्या होत्या. वर बघायची त्यांची छाती होत नव्हती. अक्काताई कोपऱ्यातून पुढे आली.

"अंधारात जेवायची सवय जुनी दिसतीया तुझी," ती म्हणाली.

"वन्सं, चुकलं माझं."

"आठाला जेवतीस ते म्हाईत हाय मला. फोनवर मागनं टीव्ही ऐकू येतोय की. मी काय भैरी हाय व्हय? पोटासाठीचं खोटं मी मोजत न्हाई." अक्काताईने दुरडीकडे बोट केलं. "आन त्याच्याबी आधीचं म्हाईत हाय. हिच्या येळी पोटुशी हुतीस तवाचं."

विजयमालाबाईंनी वर पाहिलं. "तुम्हाला कसं... ती तर अव्वांची चुकून उरायची."

"अव्वाची भाकरी जन्मात कधी उरली न्हाई. माझ्या वाटणीची काढून ठेवत हुतो मी."

बाकीची मंडळी सामान आवरायचं थांबून ऐकत आहेत ह्याची दोघींनाही पर्वा नव्हती. विजयमालाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि बांगड्या बांधलेल्या हातांनी त्यांना ते नीट पुसताही येईना. अक्काताईने झाकलेल्यातली दुसरी भाकरी उचलली आणि त्यांच्या ताटात वाढली.

"खा. दोन लागत हुत्या तुला तवाबी, ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर दोन ठेवल्या असत्या तर अव्वाला कळलं असतं."